मावशीचं जेवण

मांजर म्हणजे वाघाची मावशी, एवढ्याच कारणावरून ताईनं तिचं नाव मावशी ठेवलं होतं. सोळा वर्षांची, करडी, डाव्या कानाला खाच पडलेली. ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती तेव्हा तिथल्या जिन्याखाली तिला हे पिल्लू सापडलं, आणि निवृत्तीनंतर सोबतीला उरलं ते हेच. धाकटा भाऊ नंतर आला. त्याचा संसार फार टिकला नव्हता. आठ दिवसांसाठी म्हणून बॅग घेऊन तो ताईच्या दोन खोल्यांत आला आणि अकरा वर्षं राहिला.

सात महिन्यांपूर्वी ताईला झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. एकच शब्द शिल्लक राहिला, "थांबा." एकतीस वर्षं कानाला यंत्र लावून दिवसाकाठी हजार वेळा तिनं तो शब्द उच्चारला असेल, बाकी सगळं पुसलं गेलं तरी तो कुठंतरी खोल रुतून बसला होता. भूक लागली तरी थांबा, पाठ दुखली तरी थांबा, राग आला तरी थांबा. कुठला थांबा कसला हे सुरावरून ओळखायचं. धाकट्याला ते जमू लागलं होतं.

तो चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायचं काम करी. फ्रेमच्या मापाला काच बसेपर्यंत कडा घासायच्या, पुसायच्या, उजेडात धरून बघायच्या. दुकान साडेनऊला उघडायचं. त्याआधी पहाटे साडेपाचपासून घरात त्याचा दिवस सुरू झालेला असे. ताईचं आंघोळपाणी, चादर, गोळ्या, कूस बदलणं, आणि सगळ्यात शेवटी तिचं खाणं, चमच्या चमच्यानं, प्रत्येक घास गिळला गेलाय ना हे बघत. नऊला शेजारच्या काकू येत आणि संध्याकाळी तो परतेपर्यंत ताईजवळ बसत. काकू मायेच्या होत्या, पण मांजराचं पाकिटातलं ओलं खाणं पाहिलं की त्यांना मळमळायचं. त्यांनी ते आधीच सांगून टाकलं होतं.

आणि मावशीला तर तेच लागायचं. ओलंच. पाकीट फोडायचं, वाटी गरम पाण्यात धरून ते कोमट करायचं, काट्यानं कुस्करायचं, पसरट बशीत पसरायचं. मग बाईसाहेब येणार, आधी वरचा रस चाटणार, निघून जाणार, खिडकीत बसून विचार करणार, पुन्हा येणार. दिवसातून चार वेळा हे. दुपारच्या वेळेसाठी तो डबा खायच्या सुट्टीत धावत घरी यायचा आणि धावत परत जायचा. त्याचा स्वतःचा डबा बऱ्याचदा तसाच राही.

शिवाय ताईची एक अट होती. मावशी जेवली की मग आपण, असा तिचा आयुष्यभराचा नेम. आता ती बोलू शकत नव्हती, पण चाटूनपुसून रिकामी झालेली बशी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती तोंड उघडत नसे. मावशीनं वेळ लावला की ताईचं जेवण लांबे, ताईचं लांबलं की दुकानाला उशीर. असे सात महिने गेले. धाकट्याचं वजन उतरलं, पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं.

प्राण्यांचं खाणं विकणाऱ्या दुकानदारानं त्याला एक दिवस विचारलं की तुम्ही अजून ओल्याच्या नादी का लागताय. कोरड्या गोळ्या न्या, वाडगा भरून ठेवा आणि विसरून जा. सगळ्यांची मांजरं खातात. धाकटा म्हणाला, आमची नाही खात. दुकानदार हसला आणि म्हणाला, लाडावलीय, दुसरं काय. पोटात कावळे ओरडले की खाईल. धाकट्यानं पाच किलोची पिशवी खांद्यावर टाकून घरी आणली. जिना चढताना त्याला खरोखर हलकं वाटत होतं. दुपारची धावपळ संपणार होती.

पहिल्या दिवशी मावशीनं वाडग्याला नाक लावलं, एक गोळी तोंडात घेतली आणि टाकून दिली. मग डोकं झटकलं आणि पुढच्या पंजानं गालाशी काहीतरी खरवडल्यासारखं केलं. हा नखरा त्याला ठाऊक होता, असं त्याला वाटलं. तो कपाटात उरलेली ओली पाकिटं वरच्या फळीवर ठेवून मोकळा झाला. पण ताई वाट बघत होती. तेव्हा त्यानं स्वयंपाकघरात जाऊन वाडग्यातल्या गोळ्या परत पिशवीत ओतल्या, जुनी बशी ओल्या फडक्यानं पुसली आणि ती रिकामी बशी ताईसमोर धरली.

ताईनं पाहिली. तोंड उघडलं.

त्या वेळी त्याचे कान तापले होते. तिसऱ्या दिवसापर्यंत मात्र ते अंगवळणी पडलं. बशी पुसायची, दाखवायची, चमचा भरायचा. मावशी दोन दिवस त्याच्या पायात घुटमळून ओरडली, मग गप्प झाली. त्याला वाटलं, आली वळणावर. रात्री वाडगा पुन्हा भरून ठेवला की खात असेल, सकाळी गोळ्या थोड्या कमी दिसतायत, असंही त्यानं स्वतःला पटवलं. मोजल्या कोणी होत्या? दुपारी दुकानात बसून त्यानं सात महिन्यांत पहिल्यांदा डबा पूर्ण खाल्ला, आणि वर एक डुलकीही काढली.

चौथ्या दिवशी ताईनं डाव्या हातानं पायाकडे बोट दाखवून "थांबा?" असं विचारलं. मावशी रोज तिच्या पायांवर झोपायची. त्या दिवशी नव्हती. धाकट्यानं सांगितलं की गॅलरीत ऊन खात बसलीय. पाचव्या दिवशीही त्यानं तेच सांगितलं. ताई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. त्यानं चमचा पुढे केला.

त्या संध्याकाळी काकू जाता जाता म्हणाल्या की मांजर आज दिवसभर दिसलं नाही. मग त्यानं शोधलं. ती धुण्याच्या यंत्राच्या मागे, नळी आणि भिंत यांच्या बेचक्यात, पाय पोटाखाली घेऊन बसली होती. त्यानं हात घालून तिला बाहेर ओढलं, तर हातात काही आलंय असं वाटेना. नुसतं कातडं आणि मणके. त्यानं घाईघाईनं वरच्या फळीवरचं पाकीट काढलं, फोडलं, कोमट केलं, कुस्करलं, बशीत घातलं. पूर्वी पाकीट फाटल्याच्या आवाजाला जी दुसऱ्या खोलीतून यायची, तिनं बशीला नाक लावलं, जिभेचं टोक एकदा टेकवलं आणि मान फिरवली. तोंडातून लाळेची तार लोंबत होती.

त्यानं बोटावर घेऊन तिच्या ओठांना लावलं. बिनमिठाचं कोंबडीचं सूप करून दिलं. डब्यातल्या माशाचं पाणी दिलं. जमिनीवर आडवं पडून, गाल फरशीला टेकवून, तो तिला खा म्हणून विनवत राहिला. आपल्या हातून हे काय झालं, कशापायी झालं, हे त्याला त्या फरशीवर पडल्या पडल्या सगळं कळलं. पाच दिवस. आपण हिला पाच दिवस उपाशी ठेवलं, आणि त्यातले तीन दिवस आपण खूश होतो.

सकाळी त्यानं मालकांना फोन केला. तो म्हणाला, मावशीनं पाच दिवस काही खाल्लं नाही, दवाखान्यात न्यायचंय. चष्म्याच्या दुकानाचे मालक कडक माणूस. रजा म्हटली की त्यांना खोकला येई. पण तेही विरघळले. मावशी म्हणजे आईच की हो, म्हणाले, जा तुम्ही, दुकानाचं मी बघतो. आणि मग काळजीनं विचारलं, "वय काय त्यांचं?"

"सोळा."

पलीकडे खोकला ऐकू आला. धाकट्याला वाटलं, आता शिव्या बसणार. पण मालकांनी हळूच विचारलं की करडी का, तुमच्या डब्याच्या पिशवीवर जिचे केस असतात ती? तो हो म्हणाला. ते म्हणाले, जा.

जनावरांच्या दवाखान्यात बाकावर त्याच्या शेजारी एक माणूस कुत्र्याचं पट्टीनं बांधलेलं पाऊल मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं मावशीच्या टोपलीत डोकावून पाहिलं आणि रांगेतला आपला नंबर धाकट्याला दिला. डॉक्टरीण तरुण होती, केस वर बांधलेले, हातावर जुन्या ओरखड्यांच्या रेघा. तिनं मावशीचा कान उलटा करून उजेडात धरला. आतली कातडी पिवळी झाली होती. मग तिनं ओठ वर केला. मागच्या दाढेभोवती हिरडी लाल होऊन फुगली होती आणि दाढेला मुळाशी खड्डा पडला होता. हे आजचं नाही, ती म्हणाली, पुष्कळ महिन्यांचं आहे. म्हणून ती ओलं चाटून खात असणार.

त्यानं सगळं सांगून टाकलं. पिशवी, वाडगा, पाच दिवस. बशी पुसून दाखवल्याचं तेवढं सांगितलं नाही.

"ती नखरे करत नव्हती," डॉक्टरीण म्हणाली. "तिला चावताच येत नव्हतं."

ती ओरडून बोलली नाही, आणि हेच त्याला जास्त लागलं. पुढचं तिनं नीट समजावलं. मांजर असं उपाशी राहिलं की त्याचं यकृत बिघडतं, आणि एकदा ते बिघडलं की भूकच मरते. मग समोर काहीही ठेवा, ते खात नाही, आणि खात नाही म्हणून आणखी बिघडतं. आता तिला भूक लागायची वाट बघायची नाही. दुखण्याचं इंजेक्शन देते, सलाईनला रोज आणा, आणि घरी दर तीन तासांनी ओलं खाणं पातळ करून सुई नसलेल्या सिरिंजनं गालाच्या बाजूनं भरवा, थोडं थोडं. दाढ काढायला लागेल, पण आत्ता भूल दिली तर ती उठायची नाही. त्यानं विचारलं की वाचेल का. ती म्हणाली, आठ-दहा दिवसांत कळेल. वाचेल असं काही ती म्हणाली नाही.

घरी येऊन त्यानं काकूंना लवकर जायला सांगितलं. मग खुर्ची ओढून ताईजवळ बसला. टोपली दारातच होती. ताईला ती दिसत होती. त्यानं खाली बघत, पहिल्यापासून सांगितलं. पिशवी का आणली. गोळ्या परत ओतायचा कशा. फडकं कुठलं. आज सकाळपर्यंतच्या सगळ्या बशा.

"मी दमलो होतो, ताई," तो म्हणाला. "दुसरं काही कारण नाही."

ताईनं डावा हात चादरीखाली घेतला. मान भिंतीकडे वळवली. दुपारी त्यानं सूप आणलं, तिनं दात घट्ट मिटले. संध्याकाळी तसंच. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळ्यासुद्धा तिनं जिभेनं बाहेर ढकलल्या. रक्तदाबाच्या गोळ्या होत्या त्या. काकूंनी येऊन समजूत घातली, चमचा हातात घेतला. काकूंनाही तिनं दाद दिली नाही. "थांबा," ती म्हणाली, आणि तो थांबा कुठल्या सुरातला आहे हे आत्ता काकूंनासुद्धा कळलं.

तिकडे मावशी. तिला टॉवेलमध्ये गुंडाळून तो स्वयंपाकघरात फरशीवर बसे, गुडघ्यांमध्ये धरे, एका हातानं डोकं, दुसऱ्या हातानं सिरिंज. मावशीत जीव नव्हता, पण मान फिरवण्यापुरता होता. अर्धं खाणं टॉवेलवर सांडायचं, उरलेल्यातलं निम्मं ती पाच मिनिटांत ओकून टाकायची. तिसरा हात हवा होता, आणि तो नव्हता. काकू दाराशी तोंडाला पदर लावून उभ्या राहत आणि माफ करा म्हणत. काच घासताना ज्याचा हात केसभर हलत नसे त्याचा हात आता थरथरायला लागला. दोन जिवंत तोंडं घरात, आणि दोन्ही मिटलेली. सलाईनला जाता-येता बसमध्ये टोपली मांडीवर घेऊन तो उभ्या माणसांच्या पायांकडे बघत राहिला. आपण आत्ता कुठल्या थांब्यावर उतरायचं हे त्याला दोनदा आठवलं नाही.

त्याच दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीनं सिरिंजमधलं सगळं बाहेर काढलं आणि मान टॉवेलवर टाकून दिली. तो घाबरला. तिचं नाक पांढरं पडलं होतं. काही न सुचून तो तिला तशीच उचलून ताईच्या खोलीत घेऊन गेला आणि त्यानं तिला चादरीवर, ताईच्या डाव्या कुशीला ठेवलं.

"मला एकट्याला जमत नाही," तो म्हणाला. "तू माझ्याशी बोलू नकोस. जेवू नकोस. पण हिला धर."

ताई हलली नाही. मग डावा हात चादरीबाहेर आला. तिनं मावशीच्या मानेमागची कातडी बोटांत घेतली, हळूच पकड बसवली, अंगठा जबड्याखाली आणला आणि डोकं किंचित वर केलं. सोळा वर्षं जंताची औषधं तिनंच पाजली होती. हात विसरला नव्हता. मावशीनं मान फिरवली नाही. धाकट्यानं सिरिंज गालात सारली आणि थेंब थेंब सोडायला लागला. तो घाई करू लागला की ताई म्हणे, "थांबा." मग तो थांबे. मावशी गिळे. ताई बोटांनी तिचा गळा वरून खाली चोळे. पंधरा मिनिटं लागली. खाणं पोटात राहिलं.

त्यानं टॉवेल उचलला, सिरिंज धुऊन ठेवली आणि न विचारता सूप आणलं. ताईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. मावशीकडे बघत तिनं तोंड उघडलं.

त्यानंतरचे दिवस त्याला नीट वेगळे आठवत नाहीत. सकाळी सहा, नऊ, बारा, तीन, सहा, नऊ. प्रत्येक वेळी तीच चादर, तोच हात, तीच सिरिंज. पाचव्या दिवशी मावशी इतकी थंड पडली की त्यानं ताईच्या पाठीखालची गरम पाण्याची पिशवी काढून तिच्याखाली ठेवली, आणि ताईनं मान हलवून होकार दिला. सातव्या दिवशी डॉक्टरणीनं रक्त पुन्हा तपासलं आणि नुसतं "बरं आहे" म्हणाली. बरं म्हणजे किती बरं, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही. मालकांनी काचांचा एक खोका आणि हातानं फिरवायचं जुनं घासणीचं चाक घरी पाठवून दिलं. मावशीच्या वेळा सांभाळून करा, असा निरोप होता. काकूंनी नाकाला कापूस लावून पाकीट फोडायला शिकून घेतलं.

दहाव्या दिवशी दुपारी तीनला तो खाणं कोमट करून आला, आणि सिरिंज स्वयंपाकघरातच राहिली म्हणून बशी चादरीवर ठेवून परत गेला. आत असतानाच त्याला ताईचा आवाज ऐकू आला. थांबा, थांबा, थांबा, लागोपाठ, घाईघाईनं. धावत येऊन पाहतो तर मावशी पुढच्या पायांवर कशीबशी उठून बसली होती आणि बशीतला रस चाटत होती. डोकं बाजूला कलवून, दुखरी दाढ सांभाळत, चार वेळा चाटून ती दमली आणि बशीतच हनुवटी टेकवून पडली. मिशांना रस लागलेला. त्यानं दाराच्या चौकटीला धरलं. तो रडला, तोंडावर हात न घेता, सात महिन्यांत रडायला वेळ मिळाला नव्हता तेवढं.

महिन्यानं तिचं वजन भरल्यावर डॉक्टरणीनं दाढ काढली, आणि तिच्या शेजारचीही एक काढली. भुलीतून ती उठली. पुढे मावशी दीड वर्ष जगली, ओल्यावरच, आणि एका सकाळी ताईच्या पायांवर झोपेत गेली.

त्या दीड वर्षात ताईनं रिकामी बशी पुन्हा कधी मानली नाही. मावशीनं तिच्या डोळ्यांदेखत, त्याच चादरीवर जेवायचं, मग ती जेवणार. दुपारी काकू बशी आणत तेव्हासुद्धा तेच. धाकट्यानं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. आपल्याला माफ केलंय का, हे त्यानं तिला कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिच्याजवळ उत्तराला शब्द नव्हता. ती त्याच्या हातून खात होती. घास गिळला की पुढच्यासाठी ओठ उघडत होती. कधी कधी चमचा भरताना त्याचा हात थरथरे. तेव्हा ती डाव्या हातानं त्याचं मनगट धरी आणि चमचा तोंडापर्यंत येईस्तोवर सोडत नसे.